स्मार्टवॉचचा पट्टा, चार्जर, कव्हर, काच: कस्टम्समध्ये कोणत्या कोडखाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगावर घालायच्या उपकरणांचे सुटे सामान आयात-निर्यात करणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. कोड सहा अंकांपर्यंतच दिले आहेत आणि ते एचएसच्या (हार्मोनाइज्ड सिस्टिम) २०२२ च्या आवृत्तीनुसार आहेत. शुल्काचा दर देशागणिक वेगळा असल्याने तो इथे मिळणार नाही.

१. एचएस कोड म्हणजे नेमके काय? सगळ्या देशांत तो सारखाच असतो का?

जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ही वस्तूंच्या वर्गीकरणाची पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले दोन अंक प्रकरण सांगतात, चार अंकांचे हेडिंग होते आणि सहा अंकांचे सबहेडिंग. हे सहा अंक ही पद्धत पाळणाऱ्या सगळ्या देशांत समान असतात. पुढचे अंक ज्या त्या देशाचे: भारतात एकूण आठ, अमेरिकेत दहा, युरोपीय संघात आठ आणि आयातीसाठी दहा.

वर्गीकरणाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत आणि ते क्रमानेच लावायचे असतात. पहिला नियम सर्वांत वजनदार आहे: हेडिंगची शब्दरचना आणि विभाग-प्रकरणांच्या टिपा यांवरून कोड ठरतो. प्रकरणाचे किंवा विभागाचे नाव केवळ सोयीसाठी असते, त्याला कायदेशीर वजन नाही. त्यामुळे ‘घड्याळे’ असे नाव दिसले म्हणून स्मार्टवॉच प्रकरण ९१ मध्ये टाकून मोकळे होता येत नाही.

२. मला फक्त पट्टे मागवायचे आहेत. तरी घड्याळाचा कोड माहीत हवा का?

हवा. सुट्या वस्तूचा कोड पुष्कळदा मूळ उपकरण कोणत्या हेडिंगमध्ये आहे यावर अवलंबून असतो. ब्लूटूथने फोनशी जोडले जाणारे, संदेश आणि कॉलची सूचना देणारे मनगटी उपकरण जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस समितीने ८५१७.६२ मध्ये धरले आहे, म्हणजे आवाज, चित्र किंवा माहिती स्वीकारणारी आणि पाठवणारी यंत्रे. वेळ दाखवणे हे त्याचे दुय्यम काम मानले गेले.

उलट, क्वार्ट्झ यंत्रणेवर चालणारे साधे मनगटी घड्याळ ९१०१ किंवा ९१०२ मध्येच राहते. फक्त पावले मोजून आकडा स्वतःच्याच पडद्यावर दाखवणारे, कुठेही माहिती न पाठवणारे उपकरण असेल तर ९०२९ पाहा. त्या हेडिंगच्या मजकुरात पेडोमीटरचे नावच आहे. सिम किंवा ई-सिम असलेल्या घड्याळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ८५१७.१३ आणि ८५१७.१४ हे फोनचे कोड तिथे समोर येतात. पट्टा, काच किंवा कव्हर यांच्या बाबतीत मात्र त्या वादाने काही बिघडत नाही. घड्याळाचे हेडिंग ८५१७ च राहते.

३. स्मार्टवॉच ८५१७ मध्ये आहे, मग त्याच्या सगळ्या ॲक्सेसरीज ८५१७ मध्येच का नाही टाकायच्या?

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

८५१७ च्या मजकुरात ‘सुटे भाग’ आहेत, ‘ॲक्सेसरीज’ नाहीत. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. संगणकांसाठीचे ८४७३ पाहा: तिथे ‘सुटे भाग आणि ॲक्सेसरीज’ असे स्पष्ट लिहिले आहे. ध्वनी आणि चित्रमुद्रणाच्या यंत्रांसाठीच्या ८५२२ मध्येही तसेच. प्रकरण ९० च्या टीप २ मध्येही दोन्ही शब्द आहेत. ८५१७ मध्ये मात्र एकच. म्हणजे जी वस्तू उपकरणाचा भाग नाही, नुसती सोबतीची आहे, तिला ८५१७ मध्ये जागा नाही. तिचे स्वतःचे हेडिंग शोधायचे, आणि ते कामावरून किंवा कशापासून बनली यावरून मिळते.

भाग कशाला म्हणायचे याची एकच व्याख्या टॅरिफमध्ये, म्हणजे कोडांच्या अधिकृत यादीत, दिलेली नाही. व्यवहारात असे पाहिले जाते: ही वस्तू नसेल तर उपकरण आपले काम करू शकेल का? अँटेना काढली तर घड्याळ फोनशी बोलणार नाही, म्हणून अँटेना हा भाग आणि तिचा कोड ८५१७.७१. रंगीत कव्हर काढले तर घड्याळाला काहीच होत नाही, म्हणून ते भाग नाही.

आणि भाग ठरला तरी काम संपत नाही. प्रकरण ८४ आणि ८५ ज्यात येतात त्या विभाग सोळाची टीप २ सांगते की जो भाग प्रकरण ८४ किंवा ८५ च्या एखाद्या हेडिंगमध्ये स्वतंत्र वस्तू म्हणून बसतो, तो त्याच हेडिंगमध्ये जातो. ‘फक्त किंवा मुख्यतः याच यंत्रासाठी’ हा निकष त्यानंतर येतो. ही टीप पुन्हा टीप १ च्या अधीन आहे, आणि टीप १ मध्ये विभागातून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. त्या यादीत प्रकरण ९१ च्या वस्तूही आहेत. याचे महत्त्व पुढच्याच उत्तरात दिसेल.

४. स्मार्टवॉचचा बदली पट्टा ९११३ मध्ये जातो की ८५१७ मध्ये?

९११३ चा मजकूर घड्याळांचे पट्टे, बँड आणि ब्रेसलेट, तसेच त्यांचे भाग एवढा आहे. एचएसच्या स्पष्टीकरण टिपा घड्याळ मनगटाला बांधण्याची सगळी साधने त्यात घेतात. प्रश्न असा निघतो की स्मार्टवॉच जर टॅरिफच्या दृष्टीने घड्याळच नसेल, तर त्याचा पट्टा ‘घड्याळाचा पट्टा’ कसा?

एक बाजू म्हणते: उपकरण ८५१७ मध्ये गेले की पट्टा हा त्याचा भाग. पट्ट्याशिवाय ते मनगटावर राहत नाही, नाडी मोजणारा सेन्सर त्वचेला टेकत नाही, म्हणून ८५१७.७९, म्हणजे अँटेना सोडून बाकीचे भाग.

दुसरी बाजू म्हणते: ९११३ चा मजकूर पट्ट्याबद्दल आहे. तो पट्टा प्रकरण ९१ मधल्याच घड्याळाला लावावा अशी अट मजकुरात नाही. १८, २० किंवा २२ मिलिमीटरचा प्रमाण मापाचा पट्टा तर क्वार्ट्झ घड्याळालाही बसतो आणि स्मार्टवॉचलाही. पट्टा एकदा ९११३ ची वस्तू ठरला की विभाग सोळाची टीप १ त्याला ८५१७ मधून बाहेर काढते, मग तो भाग आहे की नाही हा वाद घालायची गरजच उरत नाही.

मला दुसरी बाजू पटते, आणि प्रमाण मापाच्या पट्ट्यांबाबत तर तिच्यात शंकेला जागा दिसत नाही. एकाच कंपनीच्या खाचेत सरकवायच्या पट्ट्यांबाबतही ९११३ च सबळ आहे, कारण लोक त्याला घड्याळाचा पट्टा म्हणूनच विकत घेतात आणि तो तेच काम करतो. तरी देशोदेशीच्या निर्णयांत फरक सापडतो. मोठा माल असेल तर प्रश्न १८ मधला मार्ग घ्या.

सहा अंक असे: मौल्यवान धातूचा किंवा तो धातू चढवून एकजीव केलेल्या पत्र्याचा पट्टा ९११३.१०, साध्या धातूचा ९११३.२०, बाकी सगळे ९११३.९०. चामड्याच्या पट्ट्याचे प्रकरण ४२ मध्ये काही काम नाही. मनगटी पट्टे ४२०३ मध्ये घेणारी त्या प्रकरणाची टीप घड्याळाचे पट्टे नावानिशी वगळते आणि ९११३ कडे पाठवते.

५. फिटनेस बँडची पट्टीही तशीच का? तिच्यात तर नुसती कॅप्सूल, म्हणजे मूळ उपकरण, बसवायची असते.

इथे जपून चालावे लागते. कॅप्सूलला पडदा असेल, ती वेळ दाखवत असेल आणि मनगटावरच घालायची असेल तर ९११३ चे म्हणणे टिकते. पडदा नाही, वेळ दिसत नाही, कॅप्सूल बुटाला किंवा कमरेलाही लावता येते, अशा वेळी ‘घड्याळाचा पट्टा’ हे वर्णन ताणल्यासारखे होते. मग दोन वाटा उरतात: उपकरणाचा भाग म्हणून ८५१७.७९, किंवा पदार्थानुसार, म्हणजे सिलिकॉनसाठी ३९२६.९०.

माझ्या मते निर्णय आकारावरून करावा. कॅप्सूल पूर्ण आत घेणारी, तिच्याशिवाय दुसरा काही उपयोग नसलेली पट्टी भाग मानायला आधार आहे. साधी बांधायची फीत असेल तर पदार्थानुसार जावे.

६. सिलिकॉनला बाजारात रबर म्हणतात. कोडसाठी ते रबर की प्लास्टिक?

प्लास्टिक. प्रकरण ४० च्या टीप ४ मध्ये कृत्रिम रबराची कसोटी दिली आहे. पदार्थ असंतृप्त हवा. गंधकाने व्हल्कनाइझ होऊन तो कायमचा असा बदलला पाहिजे की पुन्हा उष्णतेने मऊ होणार नाही. शिवाय १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटता कामा नये, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परत यायला हवा. सिलिकॉन कितीही ताणले गेले तरी ते असंतृप्त नसते आणि गंधकाने व्हल्कनाइझ होत नाही. म्हणून सिलिकॉनची वस्तू पदार्थावरून वर्गीकृत करायची झाली तर प्रकरण ३९ मध्ये, ४०१६ मध्ये नाही.

फ्लुओरोइलास्टोमर या रबरासारख्या लवचीक पदार्थासाठीही हीच कसोटी लावा. पुरवठादार ‘रबर स्ट्रॅप’ लिहितो म्हणून तसेच उतरवू नका, पदार्थाचे रासायनिक नाव मागवा. पट्टा ९११३ मध्ये जात असेल तर हा प्रश्न सहा अंकांपर्यंत उद्भवतच नाही, दोन्ही ९११३.९० मध्येच येतात.

७. पट्टा चामड्याचा, बकल स्टीलचे. किंवा स्टीलवर सोन्याचा मुलामा. कोणता धरायचा?

पट्ट्याला पट्टापण ज्या पदार्थाने येते तो धरायचा. चामड्याच्या पट्ट्याला स्टीलचे बकल आहे म्हणून तो धातूचा होत नाही: ९११३.९०. विणलेल्या स्टीलच्या जाळीचा, चुंबकाने चिकटणारा पट्टा ९११३.२०. टायटॅनियमही टॅरिफमध्ये साधाच धातू आहे, किंमत कितीही असो. सिरॅमिकच्या कड्या मात्र ९११३.९० मध्ये.

मुलाम्याबद्दल ९११३.२० चा मजकूर स्वतःच बोलतो: सोन्या-चांदीचा मुलामा असो वा नसो. म्हणजे विजेच्या प्रक्रियेने सोन्याचा थर दिलेला स्टीलचा पट्टा साध्या धातूचाच. ९११३.१० मध्ये जायला मौल्यवान धातूचा पत्रा झाळून, जोडून किंवा गरम लाटून मूळ धातूवर बसवलेला हवा. बिलावर नुसते ‘गोल्ड’ लिहिलेले असेल तर अडचण ठरलेली, प्रक्रिया लिहून घ्या.

८. नुसती बकल्स, स्क्रू आणि जोडतुकडे मागवतो. ९११३ मध्ये ‘भाग’ही आहेत ना?

आहेत, पण बकल त्यात जात नाही. साध्या धातूची बकल्स आणि क्लॅस्प ८३०८ मध्ये येतात. त्या हेडिंगच्या मजकुरात कपडे, पादत्राणे, दागिने यांच्या बरोबरीने मनगटी घड्याळांचाही उल्लेख आहे. ८३०८ च्या वस्तू विभाग पंधराच्या टीप २ नुसार ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ ठरतात आणि प्रकरण ९१ ची टीप १ असे भाग त्या प्रकरणातून वगळते. स्क्रूही तसेच: ७३१८.

घड्याळाच्या खाचेत बसणारा आणि दुसऱ्या टोकाला प्रमाण पट्टा घेणारा धातूचा जोडतुकडा वेगळा. तो सर्वसाधारण वापराचा नाही, पट्ट्यासाठीच बनलेला आहे, म्हणून ९११३.२०.

कड्या काढायच्या अवजारांचा संच सोबत विकत असाल तर प्रश्न १३ पाहा. तो स्वतंत्र आला आणि त्यात ८२०२ ते ८२०५ पैकी किमान दोन हेडिंगांची अवजारे किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेली असतील तर ८२०६ लागते.

९. स्क्रीन प्रोटेक्टरसाठी एकच कोड वापरला तर चालेल का?

नाही. तीन प्रकार तीन ठिकाणी जातात.

टेम्पर्ड काच ७००७.१९ मध्ये. कारखान्यात काच भाजून नव्हे तर क्षारांच्या द्रावात आयनांची अदलाबदल करून कठीण केली असेल, तर ‘टेम्पर्ड’ म्हणता येईल का, असे विचारले जाते. येईल. स्पष्टीकरण टिपा भौतिक-रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काचही यात घेतात.

मागून चिकटणारी प्लास्टिकची फिल्म ३९१९.९० मध्ये. घड्याळाच्या आकारात गोल कापलेली असली तरी चालते, कारण ३९१९ च्या मजकुरात ‘इतर सपाट आकार’ आहेत. चिकट नसलेली, आकार कापलेली फिल्म मात्र ३९२० किंवा ३९२१ मध्ये जात नाही. प्रकरण ३९ ची टीप १० तिथे न कापलेले किंवा आयताकृती कापलेलेच तुकडे घेते. ती जाते ३९२६.९० मध्ये.

काच, पुसायचे कापड आणि धूळ काढायची पट्टी एका पाकिटात असतील तर संच म्हणून काचेचा कोड. संचाच्या अटी प्रश्न १३ मध्ये आहेत.

१०. बंपर, कव्हर आणि ठेवायची पेटी: सगळे ४२०२ का?

घड्याळाभोवती बसणारा प्लास्टिकचा बंपर काही साठवत नाही, त्याला पेटी किंवा पिशवी म्हणता येणार नाही. तो ३९२६.९०. ॲल्युमिनियमचा असेल तर ७६१६.९९.

प्रवासात घड्याळ आणि चार्जर ठेवायची चेन लावलेली पेटी ४२०२ मध्ये विचारात घ्यावी. हे हेडिंग दोन भागांचे आहे आणि ते नीट वाचायला हवे. पहिल्या भागातल्या वस्तू (सुटकेस, चष्म्याची पेटी, कॅमेऱ्याची पेटी, आणि तत्सम) कोणत्याही पदार्थाच्या असू शकतात. दुसऱ्या भागातल्या वस्तू चामडे, प्लास्टिकचा पातळ पत्रा, कापड, व्हल्कनाइझ्ड फायबर किंवा पुठ्ठा यांच्या, अथवा मुख्यतः यांनी मढवलेल्या असाव्या लागतात. धावताना दंडाला बांधायचा खिसा, बाहेरून कापडाचा असेल तर ४२०२.९२ कडे झुकतो.

उपकरणासोबतच आलेल्या पेटीबद्दल प्रश्न १४.

११. चार्जिंग केबल, चुंबकी चकती आणि ॲडॉप्टर यांचे कोड वेगळे असतात का?

असतात, आणि फरक कोणत्या ठिकाणी विजेचे रूप बदलते यात आहे.

एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला पितळी टोचण्या असलेली, आत नुसत्या तारा असलेली केबल वीज फक्त वाहून नेते: ८५४४.४२. एक हजार व्होल्टच्या आतली, कनेक्टर लावलेली विजेची वाहके तिथेच येतात. यात चुंबक असला तरी तो जागेवर धरण्यापुरता आहे.

बिनतारी चार्ज करणाऱ्या चकतीत सर्किट असते. ते एकदिश वीज घेऊन उच्च वारंवारतेची प्रत्यावर्ती वीज तयार करते. तारेसारखी दिसत असली तरी वस्तू स्थिर परिवर्तक, म्हणजे विजेचे रूप बदलणारे साधन आहे: ८५०४.४०. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा ॲडॉप्टरही ८५०४.४०. पॉवर बँक मात्र ८५०७.६०, कारण ती मुळात लिथियम-आयन संचायक, म्हणजे पुन्हा चार्ज होणारी बॅटरी आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेचे मत तसेच आहे.

पॉवर बँकेवरच घड्याळाची चकती बसवलेली असेल तर विभाग सोळाची टीप ३ लागते, म्हणजे मुख्य काम शोधायचे. क्षमता मोठी असेल आणि फोनही चार्ज होत असेल तर वीज साठवणे हे मुख्य काम ठरवायला हरकत नाही.

सर्किट नसलेला, केबल अडकवायची खाच असलेला स्टँड नुसता पदार्थानुसार: प्लास्टिक ३९२६.९०, ॲल्युमिनियम ७६१६.९९, लाकूड ४४२१.९९.

१२. दुरुस्तीसाठी बॅटरी, पडदा, अँटेना मागवतो. हे तर नक्कीच ‘भाग’ आहेत?

भाग आहेत, पण बहुतेकांना स्वतःचे हेडिंग आहे. लिथियम-आयन बॅटरी ८५०७.६०. एकदा वापरायचा लिथियम सेल ८५०६.५०. सपाट पडद्याचे मॉड्यूल ८५२४, हे हेडिंग २०२२ च्या आवृत्तीत नव्याने आले आणि प्रकरण ८५ च्या टीप ७ ने त्याला अग्रक्रम दिला आहे. अँटेना ८५१७.७१. आतली चौकट किंवा मागचे झाकण यांना इतरत्र जागा नसते, ते ८५१७.७९.

जुने निर्णय वाचताना ८५१७.७० असा कोड दिसेल. २०२२ मध्ये त्याचे ७१ आणि ७९ असे दोन भाग झाले.

लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठी लागणारा यूएन क्रमांक (सुटी ३४८०, उपकरणासह किंवा उपकरणात ३४८१) हा वेगळा विषय आहे. एचएस कोड बरोबर असला तरी तो चुकला तर माल अडकतो.

१३. खोक्यात घड्याळ, दोन पट्टे, केबल आणि स्क्रीन गार्ड आहे. प्रत्येकाचा वेगळा कोड लावू?

तीन अटी पुऱ्या होत असतील तर एकच कोड. निरनिराळ्या हेडिंगांत जाऊ शकणाऱ्या किमान दोन वस्तू असाव्यात, त्या एकाच गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र ठेवलेल्या असाव्यात आणि पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकता याव्यात. तुमच्या खोक्यात तिन्ही आहेत. नियम ३(ख) नुसार संचाला मूळ स्वरूप देणारी वस्तू घड्याळ, म्हणून सगळे ८५१७.६२.

पट्टा आणि पट्टा बदलायचे अवजार एका पाकिटात असेल तर पट्ट्याचा कोड. पण घड्याळाचा पट्टा आणि पाण्याची बाटली ‘फिटनेस किट’ म्हणून एकत्र बांधली तर मी ती एकाच गरजेची मानणार नाही, तिथे दोन कोड लावावेत.

आणखी एक: घड्याळे एका खेपेत, जादा पट्टे वेगळ्या खोक्यांत, दुकानात पोचल्यावर एकत्र करायचे, हा संच नाही. माल आयातीच्या वेळी ज्या रूपात समोर येतो त्याच रूपात वर्गीकृत होतो.

१४. इअरबड्सची चार्जिंग डबी आणि रबरी टोप्या यांचे काय?

आधी इअरबड्स. इअरफोन ८५१८.३० मध्ये आहेत, पण ब्लूटूथमुळे काही देशांनी बिनतारी इअरबड्स ८५१७.६२ मध्ये धरले आहेत. माल जिथे उतरणार तिथला निर्णय शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डबी इअरबड्ससोबत आली तर ती त्यांच्याच कोडमध्ये. नुसत्या पेटीसाठी नियम ५(क) आहे: खास आकाराची, दीर्घकाळ वापरण्याजोगी, वस्तूसोबत आलेली आणि एरवीही सोबतच विकली जाणारी पेटी वस्तूच्या कोडमध्ये जाते. चार्जिंगची डबी पेटीपेक्षा जास्त काम करते, म्हणून तिच्यासाठी संचाचा नियम अधिक नेमका बसतो. निष्कर्ष तोच. डबी बदली म्हणून एकटीच आली तर तिच्यात बॅटरी आहे की नुसते सर्किट, यावर ८५०७.६० किंवा ८५०४.४० असा विचार सुरू करा.

टोप्या बहुधा सिलिकॉनच्या असतात (प्रश्न ६). कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनला त्या नसतील तर तो वापरताच येत नाही, म्हणून मी त्या ८५१८.९० मध्ये भाग म्हणून धरेन.

१५. पट्ट्यातच सेन्सर आणि बॅटरी आहे. तरी ९११३?

नाही. ज्या पट्ट्यात स्वतःचे मोजमाप, स्वतःची बॅटरी आणि फोनला माहिती पाठवायची सोय आहे, तो बांधण्याचे साधन राहिलेला नाही. त्याचे मुख्य काम ठरवा. माहिती पाठवणे मुख्य असेल तर ८५१७.६२. मोजमाप मुख्य असेल तर प्रकरण ९०. वैद्यकीय निदानाचा दावा असेल तर ९०१८ चा विचार होतो, पण त्या हेडिंगमधली साधने बहुतांशी वैद्यकीय व्यावसायिकांच्या वापराची असतात असे स्पष्टीकरण टिपा सांगतात. घरी व्यायामासाठी वापरायच्या वस्तूला जाहिरातीतल्या ‘हेल्थ’ या शब्दावरून तिथे नेऊ नये. पट्ट्यात फक्त एनएफसी (अगदी जवळून बिनतारी माहिती देणारी) चिप असेल तर तिचे काम आणि पट्ट्याचे काम यांतले वजन पाहावे लागते.

१६. पट्ट्यावर सरकवायचे शोभेचे दागिने?

ते पट्ट्याचे भाग नाहीत. नकली असतील तर ७११७, मौल्यवान धातूचे असतील तर ७११३. खिशातल्या घड्याळाची साखळीही प्रकरण ९१ ने याच दोन हेडिंगांकडे पाठवली आहे.

१७. बिलावर वर्णन काय लिहावे?

‘स्मार्टवॉच ॲक्सेसरीज’ हे वर्णन कुणालाच उपयोगाचे नाही. वर्गीकरण ज्या गोष्टींवरून ठरते त्या लिहा: वस्तू काय करते, कशाची बनली आहे, आत सर्किट किंवा बॅटरी आहे का, सुटी आहे की संचात, आणि कोणत्या प्रकारच्या उपकरणासाठी. उदाहरणार्थ, ‘स्मार्टवॉचचा बदली पट्टा, सिलिकॉन, २२ मिमी, स्टीलचे बकल, इलेक्ट्रॉनिक भाग नाही, किरकोळ पाकिटात’. एवढ्या एका ओळीने अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न विचारण्याआधीच सुटतात. फोटो आणि तांत्रिक पत्रक फाइलमध्ये ठेवा.

१८. दोन कोड सारखेच बरोबर वाटतात. कमी शुल्काचा निवडू का?

शुल्क पाहून कोड निवडू नका. नियम ३ चा क्रम असा: अधिक नेमके वर्णन आधी, मग मूळ स्वरूप, आणि त्यानेही सुटले नाही तर क्रमांकाने शेवटी येणारे हेडिंग. दोन्ही बाजू खरोखर तुल्यबळ असतील तर या शेवटच्या नियमाने ८५१७ आणि ९११३ यांत ९११३ निघते.

फरकाचा पैसा मोठा असू शकतो, कारण ८५१७ चा बराचसा माल जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराखाली (१९९६, आणि २०१५ चा विस्तार) शुल्कमुक्त करण्याचे अनेक देशांनी मान्य केले आहे, तर ९११३ तसे नाही. म्हणूनच अधिकारी इथे बारकाईने पाहतात. खात्री हवी असेल तर माल निघण्याआधी आगाऊ निर्णय मागा. २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू असलेल्या व्यापार सुलभीकरण कराराच्या कलम ३ नुसार सदस्य देशांनी ही सोय द्यायची आहे. युरोपीय संघात असा निर्णय तीन वर्षे बंधनकारक असतो. अर्जासोबत नमुना द्या, आणि प्रतिकूल मुद्देही लपवू नका. अपुऱ्या माहितीवर मिळालेला निर्णय प्रत्यक्ष मालाला लागू होत नाही.

१९. पुरवठादाराने त्याच्या देशाचा कोड दिला आहे. तोच वापरला तर?

पहिले सहा अंक पडताळून पाहा, पुढचे अंक वापरू नका. त्याचा कोड निर्यातीच्या सोयीने किंवा सवयीने टाकलेला असू शकतो, आणि आयात करणाऱ्या देशात जबाबदारी आयातदाराची असते. दुसऱ्या देशाचा निर्णय युक्तिवाद म्हणून जोडता येतो, पण तो तुमच्या कस्टम्सवर बंधनकारक नसतो. एचएस समितीचे मत त्यापेक्षा जास्त वजनाचे. निर्णय कोणत्या आवृत्तीतला आहे तेही पाहा. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे.

२०. गेली काही वर्षे पट्टे ८५१७ मध्ये आणले. आता काय करू?

आधी त्या वेळी तुमच्याकडे काय आधार होता ते कागदावर आणा: निर्णय, सल्ला, पत्रव्यवहार. मग देशाच्या कायद्यात दुरुस्तीची मुदत आणि स्वेच्छेने माहिती देण्याची सोय कोणती आहे ते कस्टम ब्रोकरकडून समजून घ्या. तपासणी सुरू होण्याआधी फरक आणि व्याज आपणहून भरले तर बहुतेक ठिकाणी वागणूक सौम्य मिळते. दंडाचे प्रमाण हेतूवरही ठरते. पुढच्या खेपेपासून गुपचूप कोड बदलणे मात्र टाळा: नवा कोड बरोबर असला तरी आधीच्या प्रत्येक खेपेबद्दल प्रश्न विचारायला तो पुरेसा असतो. मागची दुरुस्ती आणि नवा कोड यांचे पत्र एकाच वेळी द्या.